मामा, थांबलेला वेळ धरायचा का?

बर्फाळ_देवगडकर (धागाकर्ता)

मंडळी, सोळा वर्षं कॅनडात मिसिसागाला काढली, इथे वाचनमात्र आठ. लिहायचा कंटाळा. पण भाच्याने परवा असा प्रश्न टाकला की तीन दिवस डोक्यातून जाईना.

भाचा ब्रॅम्प्टनला कॉलेजात आहे. शनिवार-रविवार आणि मधली एखादी संध्याकाळ ई-बाईकवरून जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. ॲपचं नाव घेत नाही, सगळी एका माळेचे मणी. पोरगा हिशेबी आहे, आईवर गेलाय. दोनशे पानी वहीत दोन रकाने आखलेत, 'ॲप चालू' आणि 'ऑर्डर हातात'. गेल्या शनिवारचं पान मला दाखवलं. ॲप चालू ७ तास १० मिनिटं. ऑर्डर हातात ३ तास ५५ मिनिटं. मधले सव्वातीन तास साहेब एका प्लाझाच्या मागे, शवर्माच्या दुकानाच्या एक्झॉस्टखाली उभे. तिथे गरम वारा येतो म्हणे. अंगाला लसणाचा वास घेऊन घरी येतो, माझी बायको आधी जॅकेट बाहेर टांगायला लावते.

आता कायदा. आमच्या ऑन्टारियो प्रांताने या ॲपवाल्या कामगारांसाठी २०२२ साली कायदा केला, पण अंमल थेट १ जुलै २०२५ पासून. त्यात किमान वेतनाची हमी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून इथलं किमान वेतन तासाला १७ डॉलर ६० सेंट. ऐकायला झकास. पण हमी फक्त ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पोचेपर्यंतच्या वेळाची. म्हणजे त्या शनिवारी ६८ डॉलर ९३ सेंट. सात तास दहा मिनिटांवर पसरा, तासाला ९ डॉलर ६२. टिप वेगळी आणि बॅटरीचं भाडंही वेगळं.

इथपर्यंत मीही मान डोलावली. मग त्याने दुसरं काढलं. स्टडी परमिटवर कॉलेज चालू असताना बाहेर काम करायची मर्यादा ८ नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास आहे. आधी २० होती, मध्ये २०२२ च्या नोव्हेंबरपासून ३० एप्रिल २०२४ पर्यंत उठवली होती. "मामा, या चोवीसात थांबलेला वेळ धरायचा का?"

म्हटलं, धर बाबा. परमिटशी खेळ नको.

म्हणजे पोरगा पैसे मोजताना आखूड फूटपट्टी वापरतो आणि मर्यादा मोजताना लांब. दोन्ही फूटपट्ट्या त्याने बनवलेल्या नाहीत. माझं काही चुकतंय का?

---

चुलीवरचा_चहा

पहिला! वहीचा फोटो टाका.

---

अनुस्वार

मी वकील नाही, वकिलाची बायको आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर दुसरं काही कानावर पडत नाही. चुकलं तर त्यांच्यावर ढकलेन.

देवगडकर, फूटपट्टीचं तुमचं बरोबर आहे, पण दुसऱ्या प्रांताकडे, ब्रिटिश कोलंबियाकडे बघा. तिथे ३ सप्टेंबर २०२४ पासून नियम आले. तिथेही फक्त ऑर्डर हातात असतानाचाच वेळ मोजतात, पण दर किमान वेतनाच्या १२०%. तेव्हा तो २० डॉलर ८८ सेंट होता. वरचे २०% कशाचे, तर थांबण्याचे. सरकारने थांबलेला वेळ मोजायचं टाळलं आणि ठोक बिदागी दिली. शिवाय कामावर जखमी झालात तर भरपाई लागू. बर्फावरून घसरून मनगट मोडणाऱ्याला ही मोठीच गोष्ट.

आता गणित करून बघा. २०% म्हणजे पाच मिनिटं कामामागे एक मिनिट थांबणं गृहीत. तुमचा भाचा पाचामागे चार मिनिटांहून जास्त थांबलाय. त्याच्या शनिवारला १२०% लावलं तरी तासाला साडेअकरा डॉलरच पडतात.

ऑन्टारियोच्या कायद्यातलं एक कलम मात्र मला फार आवडतं. वाद झाला तर तो ऑन्टारियोतच सोडवायचा. वाचायला बिनमहत्त्वाचं वाटतं, पण त्यामागे हेलर नावाचा टोरांटोचा एक डिलिव्हरीवाला आहे. उबरच्या करारात लिहिलेलं होतं की भांडण असेल तर नेदरलँड्समध्ये लवादाकडे जा, आणि त्याची सुरुवातीची फी साधारण साडेचौदा हजार अमेरिकन डॉलर. वर्षाच्या कमाईतला केवढा लचका! कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये ते कलमच रद्द केलं. आमच्याकडे त्या दिवशी श्रीखंड झालं होतं.

---

टोरांटो_टोणगा

माफ करा, पण रडगाणं जरा जास्त होतंय. मनात आलं तेव्हा ॲप चालू, मनात आलं तेव्हा बंद. अशी नोकरी दाखवा. दर मिनिटाला पैसे दिले तर शंभर लोक ॲप चालू करून घरी झोपतील. मग कंपनी म्हणेल, आज मागणी नाही, तुम्हाला लॉगिनच नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीवाल्यांचं २०२४ ला हेच झालं. रिकाम्या वेळेचा भार दरात धरला, तर कंपन्यांनी ड्रायव्हरांना मधूनच ॲपबाहेर काढायला सुरुवात केली.

आणि फुडोरा, ती जेवण पोचवणारी ॲप कंपनी, विसरलात का? फेब्रुवारी २०२० मध्ये ऑन्टारियोच्या कामगार मंडळाने सांगितलं, हे लोक कंपनीवर अवलंबून असलेले कंत्राटदार आहेत, यांना युनियन करता येईल. एप्रिल संपायच्या आत कंपनीने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं, ११ मे ला पसार.

---

बर्फाळ_देवगडकर

टोणगेबुवा, उणे बारामध्ये बोटं वाकत नाहीत, मनात काय यायचंय! न्यूयॉर्कचं मात्र पटतंय. थांबलेल्या वेळाला भाव आला की थांबायलाच देणार नाहीत. हे मला सुचलं नव्हतं.

फुडोराचं वेगळं वाटतं. युनियन करायचा हक्क मिळाला आणि मालकच उरला नाही, यात दोष हक्काचा कसा?

---

किचनरची_कमळी

सहसा लिहीत नाही. पण 'थांबलेला वेळ' वाचून राहवलं नाही.

मी नाशिकला एचआरमध्ये होते. इथे आल्यावर धाकटा लहान, म्हणून घरून करता येईल असं काम शोधलं. सोशल मीडियावरचे मराठी मजकूर तपासायचे. मशीनने आधीच शिक्का मारलेला असतो, छळ, धमकी, द्वेष किंवा निरुपद्रवी. तो बरोबर की चूक हे आपण सांगायचं. एकेका टास्कला ४० सेकंद. वर कोपऱ्यात आकडा उलटा पळत असतो. पैसे टास्कमागे. टास्क नसले की स्क्रीनवर गोल गोल फिरतं, त्याचे काही नाही. इंग्रजी नियमावली साठ-सत्तर पानांची, दर दोन आठवड्यांनी बदलणार, ती वाचायचेही काही नाही. कंपनीचं नाव विचारू नका, कागदावर सही केलीय.

पहिल्याच आठवड्यात आलेला मजकूर, "मेल्या, पोचलास की फोन कर." मशीनचा शिक्का, जिवाची धमकी.

आता हे मी इंग्रजी रकान्यात समजावू कशी? 'मेल्या' हा शब्द माझ्या सासूबाई दिवसातून वीसदा वापरतात आणि ज्याला म्हणतात त्याच्या ताटात सगळ्यात मोठी पुरणपोळी पडते. "मुडदा बशिवला तुझा" आलं तेव्हा तर मी हसत सुटले, त्यात १५ सेकंद गेले.

पण दुसरीकडे बघा. एका मुलीच्या लग्नाच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं, "हिची जागा कुठे आहे ते हिच्या आजीला विचारा." एक शिवी नाही, सगळं शुद्ध मराठी. मशीनचा शिक्का, निरुपद्रवी. तुम्हाला कळलं ना काय म्हणायचंय? मलाही कळलं. पण 'का' हे लिहायच्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात. गावाची वेस, पाणवठा, ते 'जागा', हे दोनशे अक्षरांत कॅलिफोर्नियातल्या माणसाला सांगा.

आणि हो, देवगडकर, तुमच्या भाच्याला निदान आखूड फूटपट्टी तरी आहे. ऑन्टारियोच्या त्या कायद्यात प्रवासी वाहतूक, डिलिव्हरी आणि कुरिअर एवढीच कामं आहेत. माझं काम त्यात बसत नाही.

---

निळी_शाई

कमळीताई, ती 'जागा' वाचून पोटात ढवळलं. कळलं हो.

कॅनडाच्या संघीय मानवी हक्क कायद्यात भेदभावाच्या आधारांची यादी आहे. वंश, रंग, धर्म, लिंग, अपंगत्व वगैरे. त्यात 'जात' हा शब्द नाही. टोरांटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातीवरचा भेदभाव मानणारा ठराव केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने सांगितलं की आमच्या संहितेतल्या वंशपरंपरा वगैरे आधारांत जात येतेच. म्हणजे प्रांतात वाट आहे. पण शब्द कागदावर नसला की तपासणाऱ्याच्या यादीतही नसतो, आणि मशीनला तर तो कुणी शिकवतच नाही. शिकवणारी कमळीताई, तीही चाळीस सेकंदांत.

---

फाटका_पतंग

थोडक्यात, काय बोलायचं ते सरकार ठरवणार आणि मशीन शिक्का मारणार. छान. कॅनडा सरकारच्या त्या ऑनलाइन हार्म्स, म्हणजे इंटरनेटवरच्या घातक मजकुराबद्दलच्या विधेयकात जन्मठेप होती हे कुणी सांगत नाही.

---

अनुस्वार

पतंगराव, सांगते की. विधेयक सी-६३, २६ फेब्रुवारी २०२४ ला न्यायमंत्री आरिफ विरानींनी मांडलं. त्याचे दोन तुकडे एकमेकांना शोभणारे नव्हतेच. एका भागात मोठ्या प्लॅटफॉर्मवरची जबाबदारी. दुसऱ्यात द्वेषाच्या गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवणं, त्यात जन्मठेपेपर्यंत मजल, आणि २०१३ मध्ये संसदेने काढून टाकलेलं द्वेषपूर्ण मजकुराचं कलम नव्या रूपात परत. दुसऱ्या भागावर नागरी हक्कवाल्यांनीही टीका केली आणि ती रास्त होती. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने दोन्ही वेगळे करतो म्हटलं. ६ जानेवारी २०२५ ला संसदेचं अधिवेशनच संस्थगित झालं आणि विधेयक जागच्या जागी मेलं.

पण पहिल्या भागात खाजगी मेसेज धरलेच नव्हते. तुमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात आणि शिव्या दोन्ही सुरक्षित होत्या. सात प्रकारचे घातक मजकूर होते, पण वेळेची सक्ती फक्त दोनच प्रकारांना, मुलांचं लैंगिक शोषण आणि संमतीशिवाय टाकलेले खाजगी फोटो. ते २४ तासांत दिसेनासे करायचे. पाळलं नाही तर जागतिक उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत किंवा १ कोटी डॉलर, जे जास्त असेल तेवढा दंड.

---

पॅसिफिक_पावसाळा

फोटो हटवायच्या त्या चोवीस तासांबद्दल मला बोलायचंय.

मी ब्रिटिश कोलंबियात पोर्ट कोक्विटलॅमच्या जवळ राहते, शाळेच्या लायब्ररीत काम करते. आमच्या गावात अमांडा टॉड हे नाव अजून हळू आवाजात घेतात. पंधरा वर्षांची मुलगी. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर फसवून फोटो मिळवला, मग पैशांसाठी नाही, आणखी फोटोंसाठी धमक्या. ती शाळा बदलत गेली, फोटो मागे मागे येत गेला. १० ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. माणूस हॉलंडचा निघाला. इथे खटला उभा राहून दोषी ठरला २०२२ च्या ऑगस्टमध्ये. तेरा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने ती त्यांच्या कायद्यात बसवताना सहा वर्षांवर आणली.

खटल्याला दहा वर्षं लागतात हे मी समजू शकते, समुद्रापलीकडचा माणूस आहे. पण फोटो हटवायला? पोराला भीती असते ती उद्या सकाळच्या पहिल्या तासाची. वर्गात पाय टाकायचाय. म्हणून ते विधेयक मेलं तेव्हा मला वाईट वाटलं, पतंगदादा. तुमच्या बोलण्याशी त्या भागाचा काही संबंध नव्हता.

आमच्या प्रांताने मात्र स्वतःचं काही केलं. २९ जानेवारी २०२४ पासून खाजगी फोटोंसाठी वेगळा कायदा आहे, एआयने बनवलेले खोटे फोटोही त्यात येतात. ऑनलाइन न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, वकील नको. २०२५ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने एक्स, म्हणजे पूर्वीच्या ट्विटर कंपनीला १ लाख डॉलर दंड लावला. त्यांनी फोटो फक्त कॅनडातून दिसेनासा केला होता, बाकी जगाला खुला.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं काही झालं असेल तर आधी मुलावर ओरडू नका. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. विनिपेगची कॅनेडियन सेंटर फॉर चाइल्ड प्रोटेक्शन ही संस्था आहे, त्यांची नीडहेल्पनाउ ही साइट मुलांना स्वतः वापरता येते. मी लायब्ररीच्या दारामागे त्याचा कागद लावलाय, मुद्दाम मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

---

फाटका_पतंग

मागे घेतो. तो भाग वेगळा ठेवायला हवा होता, एवढंच म्हणणं होतं माझं. बाकी जन्मठेपेवर ठाम.

---

ढोलताशा_ऑटवा

विषय भारी चाललाय, मी जरा हलकं टाकतो. आमच्या मंडळाच्या फेसबुक पानावर गणपतीत पुण्याच्या पेपरातली विसर्जनाची बातमी टाकली. एकालाही दिसेना. १ ऑगस्ट २०२३ पासून मेटाने कॅनडात बातम्याच बंद केल्यात, परदेशी पेपरांच्याही. कारण जून २०२३ मध्ये आलेला ऑनलाइन न्यूज ॲक्ट. बातम्यांच्या लिंकसाठी पैसे द्या म्हटलं, त्यांनी दुकानच बंद केलं. गूगल वर्षाला १० कोटी डॉलरवर तयार झालं, हे झाले नाहीत.

हलकं म्हणालो खरं, पण त्याच महिन्यात यलोनाइफच्या बाजूला वणवा पेटला, सुमारे वीस हजार लोकांना शहर सोडायला सांगितलं, आणि फेसबुकवर बातमीची लिंक टाकता येत नव्हती. लोक स्क्रीनशॉट काढून पाठवत होते.

---

टोरांटो_टोणगा

हेच मी म्हणतोय. कायदा करताना समोरचा खुर्ची सोडून जाऊ शकतो हे ऑटवातल्या सरकारला कळतच नाही. बड्या टेक कंपन्यांवरचा डिजिटल सेवा कर बघा. ३ टक्के, २०२२ पासूनच्या कमाईवर मागे जाऊन लावलेला. पहिला हप्ता ३० जून २०२५ ला येणार होता. ट्रम्पने व्यापाराची बोलणी थांबवली, आणि २९ जूनला रात्री कर मागे. एक दिवस आधी!

---

अनुस्वार

आणि ज्याला खुर्ची सोडून जाता येत नाही तो एक्झॉस्टखाली उभा राहतो. टोणगेबुवा, तुमचे सगळे दाखले खरे आहेत, पण प्रत्येकात उठून जाणारा एकच आहे.

---

पुणेकर_सध्यातरी

उगाच नाक खुपसतो. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये गिग म्हणजे ॲपवाल्या कामगारांचा कायदा केला, त्यात प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीला काही हिस्सा. वेळ मोजायचीच भानगड नाही. कोथरूडला माझ्याकडे येणारा मुलगा म्हणाला, "साहेब, निधी वगैरे ठीक, लिफ्ट वापरू द्या म्हणावं सोसायटीला."

---

चुलीवरचा_चहा

कमळीताई, 'मेल्या'चं पुढे काय झालं? काय दाबलंत?

---

किचनरची_कमळी

'निरुपद्रवी' दाबलं. पण खाली कारण टाइप करत बसले, सासूबाई आणि पुरणपोळी इंग्रजीत बसवत. 'सबमिट' केलं तेव्हा वरचा आकडा संपलेला. टास्क परत घेतला, पैसे नाहीत. त्या मेल्याच्या मजकुराचं पुढे काय झालं देव जाणे.

---

बर्फाळ_देवगडकर

भाच्याला सगळा धागा वाचायला दिला. पॅसिफिकताईंचं वाचून बराच वेळ गप्प होता. मग वही काढून तिसरा रकाना आखला, 'हॉटेलात थांबलो'. ऑर्डर स्वीकारल्यावर ती तयार होईपर्यंत काउंटरसमोर उभं राहतो तो वेळ आखूड फूटपट्टीतही बसतो ना, तो पगाराच्या पावतीशी ताडून बघणार आहे. पैसे कसे काढले हे लेखी सांगणं आता कंपनीला भाग आहे, हे अनुस्वारताईंच्या यजमानांकडून पक्कं करून हवंय.

शवर्मावाल्याने कालपासून आत एक प्लास्टिकची खुर्ची दिलीय. जॅकेट तरीही बाहेरच टांगावं लागतं.

---

अनुस्वार

पक्कं आहे. पैसे कसे ठरतात, टिप कशी धरतात, रेटिंग कशावरून देतात, सगळं लेखी. अकाउंट बंद केलं तर कारणही लेखी. ईमेलने मागायला सांगा, ॲपमधल्या चॅटवर नको, तो नंतर सापडत नाही.

---

चुलीवरचा_चहा

वहीचा फोटो अजून आलेला नाही.